खेळायला कॉम्प्युटर हवा!



दहावीचा निकाल लागला, कारखान्याचा बोनस हाती आला किंवा उसाचे बिल जमा झाले, की आपल्या कित्येक घरांत एक विषय हमखास निघतो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आईच्या मागे लागतो, "पप्पांना सांग ना, मला गेमिंगचा कॉम्प्युटर पाहिजे." वडील पंचतारांकित वसाहतीत पाळीवर कामाला. आईचा शिलाईचा किंवा दुधाचा जोडधंदा. मुलाने तर कागदावर यादीच लिहून ठेवलेली असते : प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर. शेवटी एक बेरीज, ५०,००० रुपये. वडील त्या आकड्याकडे पाहतात आणि मनात दुसरी बेरीज करू लागतात : घराचा हप्ता, थोरलीची कॉलेजची फी, आजीचे औषधपाणी.

यावर घरोघरी साधारण तीन उत्तरे ऐकू येतात. पहिले, "अभ्यासाला लागतोच, घेऊन टाकू." दुसरे, "नव्वद टक्के आण, मग बघू." आणि तिसरे, "कसले खूळ काढले आहेस, गप्प बस." आम्हाला असे वाटते, की ही तिन्ही उत्तरे एका प्रश्नाला बगल देतात. तो प्रश्न असा : खेळ, निव्वळ खेळ म्हणून, कष्टाच्या पैशातून त्यावर खर्च करावा इतक्या मोलाचा असतो का? या प्रश्नाचा आज थोडा निवांतपणे विचार करू या.

खेळाचे मोल

पुष्कळांना वाटते, की धर्म आणि तत्त्वज्ञान खेळाच्या विरोधात असणार. वस्तुस्थिती निराळी आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने विनोद आणि करमणूक यांतही एक सद्गुण सांगितला आहे. एका टोकाला सदैव टवाळी करणारा विदूषक, दुसऱ्या टोकाला कधीच न हसणारा, दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालणारा रूक्ष माणूस, आणि या दोहोंच्या मध्ये प्रसन्न वृत्तीचा मनुष्य. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. शरीर थकले की त्याला झोप लागते, तसे मन थकले की त्याला खेळ लागतो, असे ते मानतात. प्रेषित संत योहान यांच्याविषयीची एक जुनी कथाही ते सांगतात. शिष्यांसोबत खेळताना त्यांना पाहून काही जणांना ते खटकले. तेव्हा योहानांनी त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला लावला, पुन्हा सोडायला लावला, आणि विचारले, की असे सतत करता येईल का? तो म्हणाला, की सतत ताणले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, हे त्या कथेचे तात्पर्य. एवढेच नव्हे, तर स्वतः कधी न खेळणे आणि इतरांच्या खेळातही अडथळा आणणे हा संत थॉमस यांच्या मते दोष आहे.

पण एवढ्या लांब कशाला जायचे? आपण कोल्हापूर जिल्ह्यातील माणसे. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. कोल्हापुरातील खासबागचे मैदान १९१२ साली त्यांच्याच काळात उभे राहिले. ज्याच्या घरी चार म्हशी नाहीत असा बापही पोराला तालमीत घालायचा आणि दूध, तूप, बदाम यांचा खुराक पुरवण्यासाठी स्वतः कोरडी भाकरी खायचा. "याचा अभ्यासाला काय उपयोग?" असे त्याला कोणी विचारले नाही. खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांच्याजवळ पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, अशी हकिकत सांगितली जाते. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तात्पर्य, खेळासाठी पैसा खर्च करणे ही आपल्या मातीत लाजेची गोष्ट कधीच नव्हती.

मग कॉम्प्युटरवरील खेळाने काय घोडे मारले?

तालीम आणि बंद खोली

येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. तालमीत वस्ताद असतो. पोरगा किती जोर मारतो, कोणाशी लढतो, कधी थकतो, यावर त्याची नजर असते. तालमीला वेळ असते. पहाटेची मेहनत संपली, की माती अंगावरून झटकून घरी जायचे. आणि समोर हाडामांसाचा प्रतिस्पर्धी असतो. त्याला लागले तर हात देऊन उठवावे लागते. कॉम्प्युटरवरील खेळात यांपैकी एकही गोष्ट आपोआप मिळत नाही. तेथे वस्ताद नाही. रात्री दोन वाजताही आखाडा उघडाच. आणि अनेक खेळ अशा रीतीने घडवलेले असतात, की खेळणाऱ्याने उठूच नये. उद्या हजेरी लावली तर बक्षीस, आज चुकली तर नुकसान. जे खेळ फुकट म्हणून मिळतात, ते पात्राचा पोशाख, शस्त्राचा रंग अशा किरकोळ गोष्टी विकून पैसा मिळवतात. मुलाला वाटते मी खेळतो आहे, तेव्हा समोर कोणी तरी दुकान मांडून बसलेला असतो.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा तर वेगळाच विषय. त्यांना बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि साध्या करमणुकीच्या खेळांना मान्यता दिली आहे, हेही विसरू नये. जुगार आणि खेळ यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

सगळे गेम म्हणजे मारामारी, असेही सरसकट म्हणता येत नाही. पुण्यातील एका छोट्या चमूने तयार केलेला 'राजी' हा खेळ २०२० मध्ये जगभर प्रसिद्ध झाला. त्यात एक मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. आपल्या पुराणकथा, आपली चित्रकला, आपली वास्तुकला त्यात दिसते. असा खेळ रचायला चित्रकार लागतो, संगीतकार लागतो, कथा लिहिणारा लागतो. आपला मुलगा कोणता खेळ मागतो आहे, हे पालकांनी एकदा शेजारी बसून पाहावे, मग मत बनवावे. न पाहता दिलेला होकार आणि न पाहता दिलेला नकार, दोन्ही सारखेच आंधळे.

खरे बोलून घ्यावे

आता त्या तीन उत्तरांकडे वळू. "अभ्यासाला लागतो" हे पहिले उत्तर. मुलगा तसे सांगतो, कारण त्याला ठाऊक असते, की खेळासाठी मागितले तर मिळणार नाही. वडील ते मान्य करतात, कारण शेजाऱ्यांना तसे सांगणे बरे वाटते. दोघांनाही ते पूर्ण खरे नाही हे माहीत असते. अभ्यासाला, प्रकल्प टाइप करायला, व्याख्याने ऐकायला साधा कॉम्प्युटर पुरतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते ते मुख्यतः खेळाला, किंवा चित्रफितींचे संकलन आणि त्रिमितीय रचना अशा ठरावीक कामांना.

या लहानशा असत्याची किंमत पुढे मोजावी लागते. आठ दिवसांनी मुलगा खेळताना दिसला, की वडील ओरडतात, "हा अभ्यासाला घेतला होता ना?" मुलगा पडदा बदलायला शिकतो. पाऊल वाजले की गणिताचे पुस्तक, पाऊल दूर गेले की खेळ. म्हणजे ५०,००० रुपये खर्चून आपण घरात लपवाछपवी आणली. त्यापेक्षा सरळ म्हणावे, "बाळ, हा तुझ्या खेळासाठी आहे. त्यावर अभ्यासही होईल, पण घेतो आहोत तो तू खेळावेस म्हणून." ज्या गोष्टीला आपण तिच्या नावाने हाक मारतो, तिलाच मर्यादा घालता येते.

बक्षीस की मजुरी?

"नव्वद टक्के आण, मग घेतो" हे दुसरे उत्तर. दिसायला शहाणपणाचे, पण त्यात एक गोम आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला मुलगा आठवा. तो बापाच्या शेतात इमानाने राबला, पण मनाने मजूरच राहिला. इतकी वर्षे कामे केली, आणि तुम्ही मला साधे करडूही दिले नाही, असा त्याचा हिशेब होता. बापाचे जे आहे ते सारे आपलेच आहे, हे त्याला कधी उमगलेच नाही. गुणांच्या बदल्यात वस्तू देण्याची सवय लावली, की मूल घरातल्या प्रेमाकडे मजुरीच्या नजरेने पाहू लागते. आणि ८७ टक्के पडले तर? वर्षभर प्रामाणिक मेहनत करून तीन टक्के कमी पडलेल्या मुलाला आपण काय सांगणार? तीन टक्क्यांनी तुझे कष्ट वाया गेले, असे?

देणे शक्य असेल तर भेट म्हणून द्यावे. शक्य नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. मुलाचा वाटा हवाच असेल तर तो गुणांचा नको, हाताचा असावा : सणावाराला मिळालेले पैसे साठवणे, सुटीत घरच्या धंद्याला मदत करणे. त्यातून रुपया कसा येतो हे त्याला कळते, आणि तो वाटा लहान असला तरी वस्तू सांभाळली जाते.

"गप्प बस" हे तिसरे उत्तर. नकार देण्याचा अधिकार पालकांना आहेच. पण कारण न सांगता दिलेला नकार मुलाला एवढेच शिकवतो, की घरात मोठा आवाज जिंकतो. वर्तमानपत्रातील एखादी भीषण बातमी दाखवून सगळ्याच मुलांना त्या मापाने तोलणेही बरे नव्हे. घरची आर्थिक अडचण पंधरा वर्षांच्या मुलाला विश्वासाने सांगता येते. आपल्याला विश्वासात घेतले, हे त्याला कॉम्प्युटरपेक्षाही अधिक काळ लक्षात राहील.

बहिणीचा वाटा

येथे एक अवघड गोष्ट बोलणे भाग आहे. मुलाने गेमिंगचा कॉम्प्युटर मागितला, की घर विचार करू लागते. त्याच घरातील मुलीने ड्रॉइंगचे चांगले रंग, सायकल किंवा हॉस्टेलची फी मागितली, की "यंदा जमणार नाही" हे उत्तर चटकन येते. ५०,००० रुपये एका मुलाच्या करमणुकीवर खर्च करताना बाकीच्यांचे काय राहून जाते, हा न्यायाचा प्रश्न आहे. प्रत्येकाला सारखेच द्या असे न्याय म्हणत नाही. ज्याचे त्याला द्या, असे तो म्हणतो. थोरलीची फी हा तिचा हक्क आहे. धाकट्याचा खेळ ही त्याची हौस आहे. हक्क आधी, हौस नंतर. आणि कॉम्प्युटर आलाच, तर तो घराचा असावा, त्यावर बहिणीलाही तेवढाच वेळ मिळावा. मुली खेळत नाहीत हा आपला समज आहे. आपण त्यांना कधी विचारलेले नसते.

कर्जाचेही असेच. प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला : आधी बसून खर्चाचा हिशेब करावा. दुकानात "शून्य टक्के व्याज" लिहिलेले असते, पण प्रक्रिया शुल्क असते, रोखीची सूट जाते आणि हप्ता चुकला तर दंड लागतो. खाशाबांसाठी घर गहाण ठेवणाऱ्या प्राचार्यांनी त्यांची कुस्ती पाहिली होती. खाशाबा १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. पुढे ई-स्पोर्ट्समध्ये नाव काढीन, या मुलाच्या बोलण्यावर सोने गहाण टाकण्याआधी हा फरक ओळखावा. हौसेची वस्तू हौसेच्या पैशातून, म्हणजे शिलकीतून घ्यावी.

मर्यादा कोणी घालायची?

संत थॉमस खेळाला तीन अटी घालतात. खेळ अश्लील किंवा इजा करणारा नसावा. खेळात मनाचा तोल पूर्ण सुटू नये. आणि तो व्यक्ती, स्थळ व वेळ यांना शोभणारा असावा. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या या अटी आजही लागू पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेची जी आजारांची यादी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तिच्यात खेळाच्या व्यसनाचा समावेश आहे. पण तिची कसोटी तासांची नाही. खेळावर ताबा न उरणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही तिची लक्षणे आहेत, तीही साधारण वर्षभर टिकणारी. म्हणजे सुटीत दोन दिवस खेळत बसलेला मुलगा व्यसनी नव्हे. पण शाळा, मित्र, जेवण, झोप सारेच मागे पडू लागले, तर रागावण्याऐवजी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावे.

काही देशांनी सरकारी मर्यादा घालून पाहिली. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर ऑनलाइन खेळायला बंदी केली. २०२२ च्या आरंभी तो नियम त्यांनी रद्द केला. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ दिला. बाहेरून लावलेले कुलूप काही काळ उपयोगी पडते. पण कुलूप काढले, की आतला माणूस जसा होता तसाच बाहेर येतो.

संत कार्लो अक्युतिस याचे उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. २००६ साली पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेल्या या मुलाला पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद दिले. कार्लोला कॉम्प्युटर आवडायचा, व्हिडिओ गेमही आवडायचे. आठवड्याला एकच तास खेळायचे असे त्याने ठरवले होते, असे त्याच्या चरित्रांत सांगितले जाते. पालकहो, हे उदाहरण मुलांना मारायची छडी म्हणून वापरू नका. "बघ, तो एक तास खेळायचा" असे म्हणून काही साधणार नाही. त्यातला मोलाचा भाग तासाचा आकडा नाही. तो तास त्याने स्वतः ठरवला होता, हे मोलाचे. मुलाला विचारा, "तूच सांग, शाळेच्या दिवशी किती आणि सुटीला किती?" तो जे म्हणेल ते कागदावर लिहा, महिनाभर पाळून बघा, मग दोघे मिळून दुरुस्त करा. पालकांनी घातलेला नियम मोडण्यात मुलाला पराक्रम वाटतो. स्वतःचा शब्द मोडताना मात्र त्याला आत कुठे तरी टोचते. त्या टोचणीलाच आपण सद्सद्विवेक म्हणतो.

आणि एक व्यवहाराची गोष्ट : कॉम्प्युटर मधल्या खोलीत ठेवा. तालमीला वस्ताद असतो तसे येथे घर असावे. पहारा म्हणून नव्हे. कोणी जिंकले तर "वा!" म्हणायला घरात कोणी तरी हवे.

घ्यायचाच ठरला तर

काटकसर हीही नीतीच आहे, म्हणून थोडे व्यवहाराचे. बहुतेक मुले जे ऑनलाइन स्पर्धेचे खेळ खेळतात, त्यांतील अनेक खेळ ग्राफिक्सची सोय आतच असलेल्या प्रोसेसरवर चालतात. आधी असा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी घेऊन सुरुवात करावी. रॅमच्या दोन पट्ट्या जोडीने लावल्या तर अशा यंत्रावर खेळ अधिक चांगला चालतो. ग्राफिक्स कार्ड वर्ष-दोन वर्षांनी, हौस टिकली तर, बसवता येते. त्यासाठी वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, चांगल्या प्रतीचा घ्यावा. तेथे हजार रुपये वाचवायला जाऊन सगळे यंत्र जळाल्याची उदाहरणे असतात. रंगीत दिव्यांच्या पंख्यांनी खेळ जराही वेगवान होत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती बऱ्याच चढल्या, म्हणून जुन्या भावाच्या भरवशावर राहू नये, दोन-तीन दुकानांत विचारावे.

कार्यालयांतून निघालेले जुने कॉम्प्युटर स्वस्त मिळतात. पण विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर विंडोज ११ ला अधिकृतपणे चालत नाहीत. शिवाय त्या लहान पेटीत पुढे कार्ड बसेलच असे नाही. ही चौकशी करूनच पैसे द्यावेत, पक्के बिल आणि वॉरंटीचा कागद घ्यावा. विजेचाही हिशेब मुलालाच करू द्या : ३०० वॉट धरले तर रोज तीन तासांनी महिन्याला २७ युनिट.

प्रिय पालकहो, भाकर मागणाऱ्या मुलाला कोणताही बाप धोंडा देत नाही, असे प्रभूने सांगितले. खेळ मागणाऱ्या मुलाला काय द्यावे, हे ज्याच्या त्याच्या घरच्या शिलकीवर अवलंबून आहे. कोणी कॉम्प्युटर देईल, कोणी फुटबॉल देईल, कोणी "यंदा नाही, पुढच्या वर्षी पाहू" असे खरेखुरे उत्तर देईल. या तिन्हींत कमीपणा नाही. मुलांनो, तुमच्यासाठीही एक शब्द : मागताना खरे कारण सांगा, आणि नकार मिळाला तर आईवडिलांची बेरीज एकदा त्यांच्या जागी बसून करून पाहा.

येत्या रविवारी मिस्सेनंतर आपण भेटतोच. ज्या घरांत हा विषय चालू आहे, त्यांनी मुलालाही सोबत आणावे. त्याचे म्हणणे ऐकायला आम्हाला आवडेल. प्रभू तुमच्या घरांना सुबुद्धी, समाधान आणि हसतेखेळते ठेवो.